रॉबर्ट मॅलेट

रॉबर्ट मॅलेट (जन्म : ३ जून १८१०, डब्लिन, मृत्यू : ५ नोव्हेंबर १८८१, लंडन) हे आयरिश अभियंता, लोखंडाच्या ओतकामाचे कारखानदार आणि भूकंपांचे अभ्यासक होते. भूकंपांच्या अभ्यासाला इंग्रजीत रूढ असलेले ‘सायस्मॉलॉजी’ हे नाव आणि भूकंपासंबंधीचे ‘सायस्मिक’ हे विशेषण त्यांच्या लेखनातून प्रचारात आले. भूकंप ही जमिनीतून प्रवास करणारी स्थितिस्थापक लहर आहे, आणि तिचा उगम, खोली व वेग पडझडीच्या खुणांवरून गणिताने शोधता येतो, असे त्यांनी मांडले. हे पडताळण्यासाठी ते १८५८ च्या हिवाळ्यात दक्षिण इटलीतील उद्ध्वस्त गावांमध्ये गेले. त्या प्रवासावर आधारलेला त्यांचा द्विखंडात्मक अहवाल हा क्षेत्रनिरीक्षणावर उभ्या असलेल्या भूकंपशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ मानला जातो.

== प्रारंभिक जीवन ==

मॅलेट यांचे वडील जॉन मॅलेट मूळचे इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे. डब्लिनमध्ये त्यांचा लोखंड, पितळ व तांब्याच्या ओतकामाचा कारखाना होता. रॉबर्ट यांना लहानपणापासून रसायनाची गोडी होती. १८२६ मध्ये त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८३० मध्ये पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी ते वडिलांच्या व्यवसायात भागीदार झाले. त्याच वर्षी कॉर्डेलिया वॉटसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन मुलगे व तीन मुली झाल्या. थोरले पुत्र जॉन विल्यम मॅलेट हे पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाले.

रॉबर्ट यांच्या देखरेखीखाली हा कारखाना आयर्लंडमधील अग्रगण्य कारखान्यांपैकी एक बनला. आयर्लंडमध्ये तेव्हा लोहमार्गांचे जाळे विणले जात होते आणि स्थानकांची छपरे, पूल, फिरते पूल, पाणी उपसण्याची यंत्रे अशी कामे त्यांच्याकडे येत असत. डब्लिनमधील सेंट जॉर्ज चर्चचे शंभर टनांहून जड छत उचलून बसवण्याचे काम त्यांनी तरुणपणीच पार पाडले होते. आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकावर उभ्या राहिलेल्या पहिल्या दीपगृहाचे लोखंडी काम त्यांच्या कारखान्यात तयार झाले. ते दीपगृह १८५४ पासून कार्यरत होते. पुलांच्या तळासाठी किंचित फुगीर आकाराच्या लोखंडी पत्र्यांचे एकस्वही त्यांनी १८५२ मध्ये घेतले. कमी वजनात अधिक भार पेलणारे हे पत्रे बराच काळ वापरात होते. ट्रिनिटी कॉलेजभोवतीच्या लोखंडी कठड्यावर या कारखान्याचे नाव आजही वाचता येते.

ही कामे पुढच्या विषयापासून दूरची वाटली, तरी तसे नाही. धातूची पट्टी कोणत्या ताणाला वाकते व कोणत्या धक्क्याला तुटते, हा मॅलेट यांचा रोजचा प्रश्न होता. भेग पडलेल्या भिंतीकडे पाहताना त्यांनी तोच प्रश्न विचारला.

== भूकंपविषयाकडे ==

वयाच्या २२ व्या वर्षी, १८३२ मध्ये, मॅलेट यांची रॉयल आयरिश अकादमीचे सदस्य म्हणून निवड झाली. भूकंपाकडे ते वळले ते एका चित्रामुळे. चार्ल्स लायेल यांच्या भूविज्ञानावरील प्रसिद्ध ग्रंथात इटलीतील कॅलाब्रिया प्रांतातल्या एका मठासमोरील दोन दगडी स्तंभांची आकृती होती. १७८३ च्या भूकंपात त्या स्तंभांचे वरचे दगड खाली पडले नव्हते. ते आपल्या जागीच काही अंशांनी फिरले होते. जमीन भोवऱ्यासारखी गरगर फिरली असावी, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले जात असे.

मॅलेट यांना ते पटले नाही. जमीन खरोखर फिरली असती, तर दोन्ही स्तंभांची मध्यरेषा हीच भोवऱ्याची मध्यरेषा कशी ठरली, हा प्रश्न उरतो. त्यांनी दिलेले उत्तर यंत्रशास्त्रातले होते. एका दगडावर दुसरा दगड ठेवलेला असताना खालच्या दगडाला आडवा, अगदी सरळ हिसका बसला, तर वरचा दगड जडत्वामुळे मागे राहतो. दोन दगडांना धरून ठेवणारे घर्षण वरच्या दगडाच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली नसेल, तर तो मागे राहता राहता वळतो. म्हणजे स्तंभ फिरवण्यासाठी जमीन फिरण्याची गरज नाही; सरळ रेषेतील हेलकावा पुरेसा आहे.

या एका कोड्यातून सुरू झालेला विचार त्यांनी ९ फेब्रुवारी १८४६ रोजी रॉयल आयरिश अकादमीसमोर भूकंपांच्या गतिशास्त्रावरील निबंधात मांडला. तो १८४८ मध्ये छापला गेला. भूकंप म्हणजे जमिनीच्या पोटात अचानक झालेल्या घडामोडीतून निघालेली दाबाची लहर असून ती ध्वनीप्रमाणे घन पदार्थातून प्रवास करते, हे त्याचे मुख्य सूत्र होते. समुद्रातील महालाट, हवेतील गडगडाट आणि जमिनीचा हादरा ही एकाच घटनेची, वेगवेगळ्या माध्यमांतून व वेगवेगळ्या वेगांनी येणारी रूपे आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. लिस्बनच्या १७५५ मधील भूकंपानंतर इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी १७६० मध्येच लहरींची कल्पना मांडली होती, त्यामुळे ती सर्वस्वी नवी नव्हती. मात्र यंत्रशास्त्राचे नियम इतक्या शिस्तीने या विषयाला त्यापूर्वी कोणी लावले नव्हते.

== किलिनीच्या वाळूतील प्रयोग ==

लहर असेल तर तिला वेग असणार, आणि वेग मोजता आला पाहिजे. ऑक्टोबर १८४९ मध्ये मॅलेट यांनी डब्लिनजवळील किलिनीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत दारूची पिंपे पुरून त्यांचे विजेच्या साहाय्याने स्फोट घडवले. सुमारे अर्ध्या मैलावर पाऱ्याने भरलेले पसरट भांडे ठेवले होते. पाऱ्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर पडलेले एका बारीक रेषेचे प्रतिबिंब दुर्बिणीतून पाहायचे, आणि ते थरथरताच कळ दाबून वेळ नोंदवायची, अशी योजना होती. या कामात पुत्र जॉन विल्यम त्यांच्या मदतीला होते. कृत्रिम भूकंप घडवून लहरीचा वेग मोजण्याचा हा पहिलाच पद्धतशीर प्रयत्न होता. तेल व खनिजांच्या शोधासाठी आज जगभर हेच तत्त्व वापरले जाते.

वाळूत सेकंदाला सुमारे ८२५ फूट आणि जवळच्या डॉल्की बेटावरील अखंड ग्रॅनाइटमध्ये सुमारे १,६६५ फूट असा वेग मिळाला. मॅलेट स्वतःच चकित झाले. खडकाच्या स्थितिस्थापकतेवरून त्यांनी सेकंदाला काही हजार फुटांची अपेक्षा केली होती. खडक दिसतो तितका अखंड नसतो, त्यातील असंख्य सांध्यांमुळे लहर मंदावते, असा अर्थ त्यांनी लावला. वेल्समधील होलीहेड येथे बंदराच्या बांधकामासाठी खाणीत मोठमोठे सुरुंग उडवले जात होते. १८५६ ते १८६१ या काळात त्यांनी तेथेही मोजमापे घेतली, पण आकडे फारसे वाढले नाहीत.

दोष सांध्यांपेक्षा उपकरणाचा अधिक होता. सर्वांत वेगवान लहर सर्वांत क्षीणही असते, आणि पारा तिला दाद देत नव्हता. तो हलत होता मागून येणाऱ्या जोरकस लहरींनी. न्यूयॉर्कच्या बंदरातील खडक फोडण्यासाठी १८७६ मध्ये झालेल्या प्रचंड स्फोटाच्या वेळी अमेरिकन लष्करी अभियंता हेन्री अॅबट यांनी अधिक प्रवर्धनाच्या दुर्बिणी लावल्या आणि त्यांना कितीतरी पट मोठे वेग मिळाले. मॅलेट यांनी त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. त्या वादात अॅबट यांची बाजू बरोबर होती.

== भूकंपसूची व नकाशा ==

ब्रिटिश असोसिएशनसाठी मॅलेट यांनी १८५० ते १८५८ या काळात भूकंपांवर चार अहवाल लिहिले. त्यांतील सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे जगातील नोंदलेल्या भूकंपांची सूची. तीही त्यांनी जॉन विल्यम यांच्या मदतीने तयार केली. इ. स. पू. १६०६ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या ६,८०० हून अधिक घटना तीत आहेत. प्राचीन ग्रंथ, प्रवासवर्णने, मठांमधील नोंदी, वर्तमानपत्रे असे मिळेल ते साधन त्यांनी वापरले. जुन्या नोंदींची विश्वासार्हता सारखी नव्हती. सुरुवातीच्या तारखा तर परंपरेवरच आधारलेल्या होत्या.

या सूचीवरून त्यांनी जगाचा भूकंप-नकाशा रंगवला. जेथे भूकंप अधिक व तीव्र, तेथे रंगाची छटा गडद. त्यातून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की भूकंप पृथ्वीवर सरसकट विखुरलेले नाहीत. महासागरांचे काठ आणि मोठ्या पर्वतरांगा यांना धरून त्यांचे अरुंद पट्टे दिसतात. भूपट्ट सांधणीचा सिद्धान्त येण्याच्या सुमारे एक शतक आधी काढलेल्या या नकाशातील पट्टे आजच्या नकाशाशी मोठ्या प्रमाणात जुळतात. हे पट्टे असे का, याचे उत्तर मात्र मॅलेट यांच्याकडे नव्हते.

== नावे व संज्ञा ==

इंग्रजीत भूकंपासाठी रोजच्या वापरातला शब्द ‘अर्थक्वेक’ हा आहे. त्याचे दोन्ही घटक अस्सल इंग्रजी असून त्याचा अर्थ ‘पृथ्वीची थरथर’ असा सरळ होतो. प्राचीन इंग्रजीत ‘पृथ्वीचे कापणे’ आणि ‘पृथ्वीचा गोंगाट’ अशा अर्थांचे निराळे जोडशब्दही होते. या शब्दाची अडचण अर्थाची नव्हती, घडणीची होती. त्यापासून विशेषण, शास्त्राचे नाव किंवा उपकरणाचे नाव सहज तयार होत नसे. भूकंपासंबंधी काही सांगायचे, तर प्रत्येक वेळी लांबलचक वाक्यखंड वापरावा लागे.

ग्रीक भाषेत हलवणे या अर्थाच्या क्रियापदापासून ‘सेइस्मोस’ हे नाम तयार झाले होते आणि प्राचीन ग्रीक ग्रंथकार ते भूकंपासाठी वापरत. स्कॉटलंडमधील कॉम्री गावाला १८३९ पासून वारंवार धक्के बसू लागले, तेव्हा डेव्हिड मिल्न यांनी १८४१ च्या सुमारास तेथील उपकरणासाठी ‘सायस्मोमीटर’ हे नाव वापरले. अर्थात ग्रीक धातू इंग्रजीत येऊन पोहोचलाच होता. मॅलेट यांनी त्यापासून एक संपूर्ण कुटुंब घडवले. १८५८ च्या सुमारास त्यांच्या लेखनात ‘सायस्मॉलॉजी’ आणि ‘सायस्मिक’ हे शब्द येतात. सारख्या तीव्रतेच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषांना त्यांनी ‘आयसोसायस्मल’ म्हटले, आणि सर्वाधिक विध्वंसाच्या क्षेत्राला ‘मायझोसायस्मल’.

त्यांच्या सर्व संज्ञा टिकल्या नाहीत. भूकंपनाभीच्या थेट वर भूपृष्ठावर असलेल्या बिंदूला ते ‘सायस्मिक व्हर्टिकल’ म्हणत. तो शब्द मागे पडला आणि जर्मन भूवैज्ञानिक कार्ल फॉन सीबाख यांच्या लेखनातून आलेला ‘एपिसेंटर’ सर्वत्र रूढ झाला. वर्तमानपत्रांत आज सर्वाधिक छापला जाणारा भूकंपविषयक पारिभाषिक शब्द कदाचित हाच असेल.

इंग्रजीतील या दोन शब्दांच्या वापराच्या सीमा स्पष्ट आहेत. ‘अर्थक्वेक’ घडतो, जाणवतो, घरे पाडतो. ‘सायस्मिक’ हे लहरींचे, क्षेत्राचे, धोक्याचे किंवा नोंदीचे विशेषण असते. विसाव्या शतकात ते लाक्षणिक अर्थानेही वापरले जाऊ लागले, आणि राजकारणातील वा समाजातील मूलभूत उलथापालथीलाही ते लावले जाते.

मराठीला ग्रीक धातू उसना घेण्याची गरज पडली नाही. ‘भू’ आणि ‘कंप’ यांपासून बनलेला संस्कृत शब्द वराहमिहिराच्या बृहत्संहितेइतका जुना आहे. त्या ग्रंथात भूकंपाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. ‘धरणीकंप’ हा पर्यायही जुन्या मराठीत आढळतो. भूकंपशास्त्र, भूकंपलहरी, भूकंपमापक, भूकंपप्रवण असे शब्द त्याच एका नामाला जोडून तयार होतात. इंग्रजीप्रमाणे घरगुती शब्द एक आणि शास्त्रीय शब्द दुसरा, अशी फारकत मराठीत झाली नाही. लाक्षणिक अर्थही याच शब्दाने पेलला. ‘राजकीय भूकंप’ हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतला नेहमीचा शब्दप्रयोग आहे.

== नेपल्सच्या राज्यातील भूकंप ==

१६ डिसेंबर १८५७ च्या रात्री दक्षिण इटलीतील बासिलिकाता आणि लगतच्या डोंगराळ प्रदेशात तीव्र भूकंप झाला. तेव्हा हा मुलूख नेपल्सच्या बूर्बाँ राजघराण्याच्या, म्हणजे दोन सिसिलींच्या राज्यात मोडत होता. मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास होती. माँतेमुरो आणि सापोनारा ही डोंगरमाथ्यावरची गावे जवळजवळ नाहीशी झाली. लोक झोपेच्या तयारीत असताना मातीत बसवलेल्या अनघड दगडांच्या भिंती आणि जड छपरे त्यांच्यावर कोसळली होती.

बातमी लंडनला पोहोचल्यावर मॅलेट यांनी डिसेंबर संपण्यापूर्वीच रॉयल सोसायटीकडे प्रवासासाठी १५० पौंडांच्या अनुदानाची मागणी केली. लायेल यांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला. अनुदान मंजूर झाले आणि फेब्रुवारी १८५८ च्या आरंभी मॅलेट नेपल्सला पोहोचले. राज्य परकीयांविषयी साशंक होते, त्यामुळे आतल्या भागात जाण्यासाठी शासकीय परवाने मिळवावे लागले. पुढचा प्रवास दुभाष्या व वाटाड्यांसह, बहुतांशी खेचरांवरून, पाऊस व बर्फातून झाला. वाचलेली माणसे तेव्हा लाकडी फळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांत हिवाळा काढत होती. ढिगारे फारसे हलवले गेले नव्हते. लोकांच्या दृष्टीने ते दुर्दैव होते. मॅलेट यांना हवा असलेला पुरावा मात्र त्यामुळेच जागेवर शिल्लक होता.

त्यांची कार्यपद्धती दिसायला सोपी होती. लहर भिंतीवर ज्या दिशेने आदळते, तिला साधारण काटकोनात भेग पडते, असे त्यांचे गृहीतक होते. म्हणून भक्कम, आयताकृती, चारही दिशांना तोंड असलेल्या इमारती ते आधी पाहत. भेगांची दिशा होकायंत्राने आणि कल कोनमापकाने मोजत. स्तंभ कोणत्या बाजूला पडला, वेशीवरचा दगडी गोळा किती उंचीवरून सुटून किती अंतरावर जाऊन पडला, टांगलेला दिवा कोणत्या भिंतीवर आपटला, या सर्वांच्या नोंदी होत. गोळ्याची उंची व अंतर यांवरून त्या क्षणी जमिनीला किती वेग होता, हे काढता येते. तोफेच्या गोळ्याचे गणित उलटे लावावे, तसाच हा प्रकार होता.

पाऊणशेच्या आसपास ठिकाणी घेतलेल्या दिशा नकाशावर मागे वाढवल्यावर बऱ्याचशा रेषा काज्जानो गावाच्या परिसरात एकमेकींना छेदत होत्या. तोच भाग भूकंपाच्या उगमाच्या वर असला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. भेगांच्या कलावरून लहर जमिनीतून किती तिरकी वर आली ते कळते. ते कोन खाली वाढवून त्यांनी भूकंपनाभीची सरासरी खोली सुमारे साडेसहा मैल, म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या आसपास काढली. जमिनीच्या पोटातील भूकंपाच्या उगमाची खोली निरीक्षणांवरून काढण्याचा हा पहिला प्रयत्न होता.

घरे का पडली, याकडेही त्यांचे लक्ष होते. उत्तम चुन्यात बांधलेली, कोपरे नीट गुंफलेली इमारत शेजारचे गाव भुईसपाट झाले तरी उभी राहिलेली त्यांनी पाहिली. जीवितहानीचे मोठे कारण भूकंपाच्या जोराइतकेच बांधकामाच्या निकृष्टपणात आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. टेकड्यांच्या माथ्यावर दाटीवाटीने वसलेल्या गावांच्या जागेलाही त्यांनी दोष दिला. संपूर्ण ग्रंथात व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची पाने हीच आहेत, आणि ती एका कारखानदाराने लिहिलेली आहेत हे जाणवते.

या मोहिमेत छायाचित्रणाचा केलेला वापरही लक्षणीय आहे. नेपल्समध्ये व्यवसाय करणारे फ्रेंच छायाचित्रकार आल्फोंस बर्नू यांच्यासह इतरांकडून त्यांनी पडझडीची छायाचित्रे मिळवली. त्यांची संख्या दीडशेच्या घरात आहे. भूकंपाच्या शास्त्रीय अभ्यासात छायाचित्रे पुरावा म्हणून इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरण्याची ही पहिलीच वेळ होती.

अहवाल १८६२ मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ज्या राज्याने प्रवासाचे परवाने दिले होते, ते तोपर्यंत इटलीच्या एकीकरणात संपुष्टात आले होते.

== महातोफ ==

सर्वसाधारण वाचकाला मॅलेट हे नाव माहीत असते ते बहुधा एका तोफेमुळे. क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलचा वेढा लांबल्यावर त्यांनी ३६ इंच व्यासाच्या गोळ्यांची उखळी तोफ सुचवली. पंतप्रधान लॉर्ड पामरस्टन यांनी तिचा पाठपुरावा केला. ती तुकड्या-तुकड्यांनी नेऊन जागेवर जोडता यावी अशी होती. दोन तोफा तयार झाल्या. पण १८५७ मध्ये त्या हाती आल्या तेव्हा युद्ध संपून वर्ष उलटले होते. चाचणीत एका तोफेतून एकूण १९ गोळे उडवले गेले आणि प्रत्येक फेरीत काहीतरी मोडत गेल्याने पुढचे प्रयोग थांबवले गेले. युद्धात ती कधीच वापरली गेली नाही.

== उत्तरायुष्य ==

पत्नी कॉर्डेलिया यांचे १८५४ मध्ये निधन झाले होते. १८६१ मध्ये मॅलेट यांनी मेरी डॅनियल यांच्याशी दुसरा विवाह केला. याच सुमारास आयर्लंडमधील लोहमार्गांची कामे आटली, कारखाना बंद झाला आणि मॅलेट लंडनला येऊन सल्लागार अभियंता व तांत्रिक नियतकालिकाचे संपादक म्हणून काम करू लागले.

१८७२ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीसमोर ज्वालामुखींच्या ऊर्जेविषयी सिद्धान्त मांडला. पृथ्वी थंड होऊन आकसते, त्यामुळे कवचाचे खडक चिरडले जातात आणि त्या चिरडण्यातून उत्पन्न झालेली उष्णता ज्वालामुखींना पुरते, असे त्यांचे म्हणणे होते. खडकांचे तुकडे यंत्रात चिरडून त्यांनी उष्णता मोजूनही पाहिली. किरणोत्सर्गाचा शोध लागण्यापूर्वीच्या काळातील ही कल्पना पुढे टिकली नाही. व्हेसुव्हियस वेधशाळेचे लुइजी पाल्मिएरी यांच्या १८७२ च्या उद्रेकावरील ग्रंथाचे इंग्रजी रूपांतरही त्यांनी प्रसिद्ध केले.

रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १८५४ मध्ये मिळाले होते. पुढे सिव्हिल इंजिनिअर्स संस्थेचे टेल्फर्ड पदक, रॉयल आयरिश अकादमीचे कनिंगहॅम पदक (१८६२) आणि भूवैज्ञानिक सोसायटीचे वोलॅस्टन पदक (१८७७) त्यांना मिळाले. शेवटचे पदक मिळाले तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आयुष्याची अखेरची सुमारे सात वर्षे त्यांनी अंधत्वात काढली. लेखन ते इतरांकडून करवून घेत. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले व वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

== पद्धतीच्या मर्यादा ==

भेगांवरून दिशा काढण्याची मॅलेट यांची पद्धत पुढच्या पिढीत टिकली नाही. जपानमध्ये १८८० मध्ये भूकंपशास्त्रीय सोसायटी स्थापन झाली. मॅलेट यांच्या हयातीतच त्यांनी रुळवलेला शब्द एका संस्थेच्या नावात गेला. जॉन मिल्न आणि त्यांचे तेथील सहकारी यांनी उपकरणांवर घेतलेल्या नोंदींत जमीन एका सरळ दिशेने हलत नाही, तर अल्पावधीत अनेक दिशांना अत्यंत गुंतागुंतीने हेलकावते, असे दिसले. भिंत कोठे फाटेल हे लहरीच्या दिशेइतकेच खिडक्यांच्या जागेवर आणि चुन्याच्या दर्जावर ठरते. शिवाय उगम हा बिंदू नसून अनेक किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग असतो. मॅलेट तो उगम एक लहानशी पोकळी वा भेग समजत होते आणि तिच्या मुळाशी वाफेचा दाब असावा असे मानत होते.

त्यामुळे १८६२ च्या अहवालातील निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे स्वीकारत नाही. त्यातील निरीक्षणे मात्र वापरात आहेत. गावोगावच्या पडझडीच्या त्यांच्या नोंदी इतक्या तपशीलवार आहेत, की १८५७ च्या भूकंपाची तीव्रता व विस्तार नव्याने ठरवताना इटालियन संशोधकांनी त्यांचाच आधार घेतला आहे.

== भारतातील संबंध ==

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम हे डब्लिनचे होते आणि मॅलेट यांच्या परिचयाचे होते. १० जानेवारी १८६९ रोजी आसाममधील काछाड भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा ओल्डहॅम यांनी मॅलेट यांच्या पद्धतीने भेगा, पडझड व नदीकाठच्या जमिनीतील तडे यांची पाहणी केली. या भूकंपाच्या दुय्यम परिणामांवरील दोघांचा संयुक्त निबंध १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नदीच्या काठाला समांतर पडणाऱ्या भेगा आणि जमिनीतून उसळलेली वाळू व पाणी हे भूकंपाचे मूळ कारण नसून त्याचे परिणाम आहेत, हे त्यात दाखवले होते. टॉमस यांच्या निधनानंतर काछाडचा सविस्तर अहवाल त्यांचे पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८८२ मध्ये संपादित करून छापला.

१२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास याच रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. त्या अहवालातही सिल्हेटजवळील छातक येथील एका स्मारकस्तंभाचे जागेवरच वळलेले भाग चित्रित केले आहेत. कॅलाब्रियाच्या मठातील कोड्याचाच तो दुसरा नमुना होता. दूरच्या वेधशाळांतील नोंदींवरून ओल्डहॅम यांनी पुढे भूकंपलहरींचे तीन प्रकार वेगळे केले. मॅलेट यांच्या पाऱ्याच्या भांड्याला जे जमले नव्हते, ते येथे साधले.

पडझडीची गावोगाव पाहणी करून सारख्या तीव्रतेच्या रेषा नकाशावर आखण्याची पद्धत भारतात तेव्हापासून चालू आहे. महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप यांनंतरही असे नकाशे तयार करण्यात आले. किल्लारीच्या पाहणीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी यांवर जीवितहानीचे मोठे कारण म्हणून बोट ठेवले गेले. मॅलेट यांनी १८५८ मध्ये बासिलिकातातील घरांविषयी नोंदवलेले कारण जवळजवळ हेच होते.

== स्मृती ==

मॅलेट यांच्या दोन तोफांपैकी एक लंडनमधील वुलिच येथे आणि दुसरी हॅम्पशायरमधील फोर्ट नेल्सन येथील संग्रहालयात आहे. इटलीतून आणलेली छायाचित्रे रॉयल सोसायटीच्या संग्रहात जतन केलेली आहेत. ब्रिटनमधील भूकंप अभियांत्रिकीच्या संस्थेतर्फे १९८७ पासून ठरावीक वर्षांनी मॅलेट आणि मिल्न या दोघांच्या संयुक्त नावाने व्याख्यान आयोजित केले जाते.